घरटं सोडून

पक्ष्यांच्या त्या ऑनलाइन कोशात प्रत्येक पक्ष्याला स्वतःचं पान होतं. तो काय खातो, कुठे राहतो, पिलं कशी वाढवतो, आणि त्याचा आवाज. आवाजांचं काम तिच्याकडे. बाळंतपणानंतर ती घरूनच काम करायची. पाय पाळण्यावर, हात माउसवर, कान हेडफोनमध्ये. नवरा म्हणायचा, "आपलं पोर आईच्या आधी घुबड ओळखणार बघ."

लव्हाळ्यात राहणाऱ्या एका दुर्मिळ पक्ष्याचं पान मात्र अर्धवटच पडून होतं. नराची हाक मिळाली होती, मादीचं उत्तर मिळत नव्हतं. मुख्य संपादकांनी दोनदा टोचलं, तेव्हा तिने काकांना फोन लावला. काका म्हणजे माईक खांद्याला लावून रानोमाळ हिंडणारा म्हातारा. कोशातले निम्मे आवाज त्यांनीच टिपलेले.

"घरट्यात पिलं आहेत गं," काका म्हणाले. "अंगावर पिसं नाहीत अजून. नराची हाक स्पीकरवर वाजवली, की मादी उठून शोधायला निघते. एवढ्या थंडीत नको."

"थोडा वेळच वाजवा, काका. तेवढ्याने काय आभाळ कोसळणार आहे?"

काकांना तिचा शब्द मोडवत नसे. म्हणाले, "बरं. तू म्हणतेस म्हणून."

आवाज आला तो अगदी स्वच्छ. शेवटी काकांनी नेहमीप्रमाणे पक्ष्याचं नाव, जागा, हवामान सांगितलं होतं. मग जरा थांबून, हळू आवाजात, "मी बंद केलं तरी ती शोधतच राहिली. पिलं गार पडली."

माणसाचं बोलणं कापायचंच असतं. तिने तेही कापलं. घरट्याजवळ हाक वाजवून टिपलेला आवाज कोशात घेत नसत, हा नियम तिला तोंडपाठ होता. तरी आवाज कसा टिपला, या रकान्यात तिने 'नैसर्गिक' असं लिहिलं आणि पान पुरं करून टाकलं. संध्याकाळपर्यंत जगभरातून कौतुक आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळाला झोपवून ती खुर्चीत बसली, आणि एकदम पायांना गार लागलं. ती इमारतीच्या फाटकाशी उभी होती. अनवाणी. मान उंचावून कुणाला तरी शोधत होती. कुणाला, ते तिलाही सांगता आलं नसतं. ती जिने चढत धावली. दार सताड उघडं, पांघरूण खाली पडलेलं, बाळाचे हात थंडगार. ते चोळत असताना तिची नजर संगणकाच्या पडद्यावर, त्या पानाच्या ताज्या नोंदीवर गेली. कुठल्याशा देशात कुणीतरी नुकताच तो आवाज वाजवला होता.

मग तसं पुन्हा झालं. आणि पुन्हा. तिने आतून कुलूप लावलं, तर भानावर आली रस्त्यापलीकडे, मुठीत किल्ली घेऊन.

"मला कुणीतरी बोलावतंय," तिने नवऱ्याला सांगितलं.

"झोप होत नाहीये तुझी. सुट्टीच्या दिवशी मी बघतो याला, तू ताणून दे."

पिलं गार पडली, हे त्याला कुठल्या तोंडाने सांगणार? तिला स्वतःची शिसारी आली होती. सकाळी तो कामावर गेल्यावर तिने आवाज पानावरून काढून टाकला, संपादकांना खरं काय ते कळवलं आणि काकांना फोन लावला.

"काका, तुमचं शेवटचं बोलणं मी कापलं. खोटं लिहिलं. तुमच्याकडचा आवाजही पुसून टाका, पाया पडते."

"पुसलाय केव्हाच." काकांमागे लव्हाळी सळसळत होती. "दोष तुझ्या एकटीचा नाही पोरी, हाक माझ्या हाताने वाजली... मी आत्ता तिथेच आलोय. पिलं गेली तरी मादी रोज येऊन रिकाम्या घरट्यात बसायची. अंग फुगवून... ऊब देत असल्यासारखी."

"आणि आता?"

"आता नाहीये. तू पान टाकलंस ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून... कुठेच दिसत नाही."

तिच्या तळव्यांना ओली माती लागत होती. फोन कानाशी धरून ती कोपऱ्यावरच्या बागेत पोचली होती. आवाज तर काढून टाकला होता. मग आता हाक कुणी मारली?

ती कशी परतली ते तिला आठवत नाही. दार उघडंच होतं. घरात चिखलाचा आणि कुजक्या गवताचा वास भरला होता. तिने पाळण्यात हात घातला. बाळ गार नव्हतं. छान उबदार होतं, आतापर्यंत कुणीतरी पोटाशी धरलं असावं इतकं. त्याच्या छातीवर राखाडी, मऊ पिसं चिकटली होती.

"चुकलं रे राजा, माझं चुकलं," म्हणत तिने त्याला उचलून पदराखाली घेतलं. त्याने तोंड फिरवलं. तिने पुन्हा घेतलं, त्याने पुन्हा फिरवलं.

तेवढ्यात बाल्कनीचा कठडा किंचित करकरला. काहीतरी येऊन बसल्यासारखा.

डोळे न उघडलेली पिलं घरटं हललं की, आई आली समजून, काय करतात, हे तिने किती पानांवर वाचलं होतं. बाळाला अजून मान धरता येत नव्हती. त्याने ती सरळ वर ताणली, आणि डोळे मिटलेलेच ठेवून, जराही आवाज न करता, कठड्याच्या दिशेने मोठ्ठा आ वासला.