कड्यापलीकडचं तळं

राखीव जंगलात, कड्यापलीकडे लपलेलं तळं पाहायचं, एवढ्यासाठी आम्ही दोघं निघालो होतो. मी लिफ्ट दुरुस्त करणारा, आणि माझे सासरे निवृत्त पोस्टमन. याआधी तीनदा ते तळ्याकडे निघाले होते, तिन्ही वेळा कामाने मागे ओढलं होतं. आता वेळ भरपूर होता, पण हृदय अधू झालं होतं. निघताना बायकोने मला बाजूला घेऊन बजावलं, "बाबांना धाप लागली की परत फिरा. पण त्यांना कमीपणा वाटू देऊ नकोस." म्हणजे सगळं माझ्याच गळ्यात!

दुपारपर्यंत सासरे ऐटीत पुढे चालत होते. उंच झाडांमधून येणारं ऊन पानांच्या जाड थरावर तुकड्यातुकड्यांनी सांडलं होतं. "इथे लिफ्ट नाही हो, जावईबापू!" असं म्हणून ते मला चिडवतही होते.

मग ओढा आडवा आला. पाणी फेसाळत होतं. पलीकडे जायला शेवाळलेला एकच ओंडका. सासऱ्यांनी पाऊल टाकलं आणि ते सटकले! मी मागून झेप घेतली. पाठपिशवीचा पट्टा हाती लागला. ओढलं! दोघंही अलीकडच्या काठावर आदळलो. त्यांचे ओठ निळसर पडले होते.

तरी ते उठले. "चला, पुन्हा."

"बाबा, माझा पाय मुरगळलाय," मी घोटा धरून विव्हळलो. "परत फिरू या."

त्यांनी पलीकडच्या चढणीकडे एकदा पाहिलं. मग माझी पिशवी स्वतःच्या छातीवर अडकवली आणि माझा हात खांद्यावर घेतला. झालं! त्यांना वाचवायला गेलो आणि दुप्पट ओझं त्यांच्याच अंगावर घातलं. पन्नास पावलांत त्यांचा श्वास घरघरू लागला. सोडा म्हटलं तर ऐकेनात. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

मी दोन्ही पायांवर ताठ उभा राहिलो. "बाबा, खोटं बोललो मी. पाय धड आहे. भीती तुमच्या जिवाची वाटत होती."

आता उखडणार, असं वाटलं. पण दोन्ही पिशव्या खाली टाकून ते दगडावर बसले आणि डोळे मिटून कितीतरी वेळ नुसता श्वास घेत राहिले.

"मघाच सांगायचं ना," शेवटी ते म्हणाले. "मी केव्हाचा दमलोय. तुमच्या पायासाठी रेटत होतो."