केशवरावांच्या रेडिओची घरघर

ही गोष्ट खरी आहे. पटो न पटो, खरी आहे.

आणि ती मी सांगावी हेच आधी विचित्र. कारण आमच्या घरात भूत हा शब्द काढायची सोय नव्हती. छप्पन साली आजोबांनी धम्म स्वीकारला आणि घरातले गंडेदोरे, ताईत, अंगारे सगळं पोत्यात भरून बाहेर गेलं. माझे वडील देवराव तर सगळ्यांत कडक. कोणी चकव्याची गोष्ट सांगू लागलं की म्हणायचे, "तू पाह्यला का? नाई ना? मंग गप बस."

त्याच माणसानं ही गोष्ट मला सांगितली.

आयुष्यात एकदाच.

साल त्रेसष्ट. मे महिना. जागा अकोल्याचं जुनं शहर, मोर्णा नदीकडे उतरणारी एक गल्ली.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती. भरदुपार होती. उजेडात कसली आली भीती, असं म्हणणाऱ्यांनी मे महिन्यातली अकोल्याची दुपार पाहिलेली नसते. गल्लीत माणूस सोडा, कुत्रंसुद्धा दिसत नाही.

बाबांचं अमरावतीला राजापेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान लहान, नाव मोठं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचे व्हॉल्वचे रेडिओ, ज्यांना बाकीचे मेकॅनिक हात जोडायचे, ते बाबा बोलते करायचे. त्यांच्या मते जुन्या रेडिओचे बहुतेक रोग कंडेन्सरचे. कागदाच्या सुरळ्या मेणात बुडवून केलेले ते कंडेन्सर. वय झालं की करंट गळायला लागतो आणि रेडिओ नुसता घरघरतो. जुने कापून काढायचे, नवे कथलाचा डाग देऊन बसवायचे. रेडिओ पुन्हा तरुण.

एक दिवस अकोल्याहून केशवराव नावाचे कापसाचे अडते दुकानात आले. रेडिओ घरघर करतो म्हणाले. बाबा म्हणाले, घेऊन या.

"तो हालवता येत नाई. तुमीच या," केशवराव म्हणाले.

"कोन्तं स्टेशन लागत नाई?"

"स्टेशन लागो का न लागो. आवाज मोठा पायजे, बस."

बाबांना हसू आलं. पैसेवाल्यांचे नखरे, असं त्यांना वाटलं. कंडेन्सरची पिशवी भरून ते एसटीनं अकोल्याला गेले.

पिशवीत अजून एक वस्तू असायची. फिरकीचा पितळी तांब्या, पाण्यानं भरलेला. परक्या घरी कामाला जाताना बाबा आपलं पाणी आपल्याबरोबर न्यायचे. काहून, ते आमच्या लोकांना सांगावं लागत नाही. कोणी वरून ओंजळीत पाणी ओतण्यापेक्षा आपला तांब्या बरा.

केशवराव दारातच उभे होते. डोक्याला फेटा, अंगात कोट, लग्नाला निघालेले. त्यांनी बाबांना बाहेरच्या खोलीत नेलं. वर टिनपत्रा. एक लहान खिडकी, तिला गज. आणि घरात जाणारं एक बंद दार. त्या दाराला अगदी खेटून रेडिओ ठेवला होता, तोंड गल्लीकडे करून.

"तुमी लागा कामाले. मी लग्नाचं जेवून येतो," केशवराव म्हणाले आणि गेले.

बाबा पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, काढत होते. तेवढ्यात बाहेर कडी वाजली...

मग कुलूप.

बाबा उठून उभे राहिले. आणि त्याच वेळी, आतल्या दाराचीही कडी कोणीतरी घातली. आतून. हळूच.

बाबांच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांना वाटलं, सगळं समजलं. बाहेरचं कुलूप हा चोरी करील म्हणून. आतली कडी घर बाटेल म्हणून. घरात बाई असेल कोणी सोवळ्याची.

दार ठोकून जाब विचारायचा होता. पण बाबांचा स्वभाव असा, की अपमान केला तर हाक मारायची नाही. काम चोख करायचं, पैसे मोजून घ्यायचे आणि मागे वळून पाहायचं नाही. ते खाली बसले, रेडिओ दारापासून थोडा बाजूला ओढला आणि सुरू केला.

घरघर सुरू झाली.

सगळी खोली भरून टाकणारी घरघर. ती खोल जायची, मग वर यायची, मग पुन्हा खोल. एरवी घरघर एकसारखी असते. बाबांनी एवढं लक्षात ठेवलं आणि प्लग काढला.

या कामाचा एक नियम आहे. प्लग काढला तरी मोठ्या कंडेन्सरमध्ये करंट साचून राहतो. हात लागला तर माणूस फेकला जातो. म्हणून आधी पेचकस लावून तो उतरवायचा. बाबांनी पेचकस लावला. फट्कन ठिणगी उडाली. मग एकेक मेणाचा कंडेन्सर कापायचा, नवा लावायचा, रेडिओ थोडा लावून पाहायचा, परत बंद करायचा, असं काम चाललं.

दर कंडेन्सरला घरघर कमी होत गेली.

आणि ती कमी झाली तसं तिच्याखाली दबलेलं काहीतरी ऐकू येऊ लागलं...

खोकला.

आतल्या दाराच्या पलीकडे कोणी बाई खोकत होती. कोरडा, लांबलचक खोकला. मग पावलं. दारापर्यंत यायची, थांबायची, परत जायची. मग पुन्हा खोकला.

ऐकून राहिली बाई आपल्यावर कान ठेवून, बाबा मनात म्हणाले.

पत्रा तापला. खिडकीतून वारा नाही, नुसती वाफ. शर्ट अंगाला चिकटला. जुन्या कंडेन्सरचं मेण सतरंजीवर पडल्या पडल्या विरघळायला लागलं. केशवरावांचा पत्ता नाही. तांब्यातलं पाणी घोट घोट करत तळाला आलं. उरला एक घोट. तो त्यांनी राखून ठेवला.

मग डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. उन्हानं माणूस कसा मरतो हे वऱ्हाडात लहान पोरालाही माहीत असतं. घाम येणं थांबलं की समजायचं. बाबांनी कपाळ पुसलं. कपाळ कोरडं होतं.

त्यांनी बाहेरचं दार ठोकलं. लाथा घातल्या. खिडकीच्या गजांना तोंड लावून हाका मारल्या.

कोणी नाही.

त्या दुपारी पहिल्यांदा बाबांना भीती वाटली. भुताची नाही. ती कोंदट खोलीच आपल्याला मारणार याची.

अभिमान गेला चुलीत. ते आतल्या दाराशी गेले.

"बाई, थोडं पानी देता का?"

पावलं आली. दाराशी थांबली. लाकडापलीकडे श्वास ऐकू येत होता.

कडी निघाली नाही.

बाबांचा राग उसळला. "पानी देल्यानं बी बाटते का तुमचं घर? मानूस मरून राहिला इथं."

बाबांनी दाराला कान लावला.

मग बाईचा आवाज आला. बारीक, दमलेला.

"मलेच कोनी देत नाई, भाऊ."

बाबांनी दाराला कान लावलेला होता.

आवाज दारातून आला नव्हता.

तो रेडिओतून आला होता.

प्लग भिंतीपासून हातभर दूर पडला होता. मोठा कंडेन्सर बाबांनी कापून काढलेला होता, नवा अजून पिशवीत होता. तो रेडिओ त्या घडीला नुसतं लाकडाचं खोकं होता. बाबांनी तरीही पेचकस घेऊन सगळीकडे टेकवून पाहिला. ठिणगी नाही. कुठं काही नाही.

"करंट साचते, हे मले समजते," बाबा मला सांगताना म्हणाले होते. "आवाज साचत नाई, मैना. आवाज साचाले जागाच नसते त्यात."

रेडिओच्या जाळीमागे कोणीतरी खोकलं.

"एक घोट द्या... लई दिवस झाले."

बाबा भिंतीला पाठ लावून बसले. बाहेरून कुलूप. आतून कडी. खिडकीला गज. आणि तांब्यात एक घोट.

इथं मी बाबांना थांबवलं होतं. म्हटलं, तुम्हाला काय वाटलं त्या वेळी? ते म्हणाले, "वाटाचं काय? तहान लागली होती मले. तहानलेल्या मानसाचा आवाज मले ओयखू आला."

ते गुडघ्यांवर सरकत आतल्या दाराशी गेले. दार आणि उंबरठा यांच्यामध्ये बोटभर फट होती. तांब्याची फिरकी उघडली आणि तो शेवटचा घोट त्यांनी त्या फटीतून आत ओतला.

पाणी आत गेलं.

आणि पलीकडून आवाज आला... कोणीतरी खाली वाकून, फरशीवरून, ओठांनी ते पाणी टिपत होतं.

मग शांतता.

मग कडी निघाली.

दार सावकाश आत उघडलं. आतली खोली अंधारी. एक रिकामी बाज, वर गादी नाही. कोनाड्यात एक पालथा पेला. कोणी नाही. उंबरठ्याशी फरशी ओली होती. बाकी सगळ्या फरशीवर धुळीचा जाड थर.

त्या धुळीत एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

पुढचं बाबांना नीट आठवत नव्हतं. ती खोली, मग चूल विझलेलं स्वयंपाकघर, मग मागचं दार. अडसर काढला आणि ते मागच्या गल्लीत येऊन पडले.

समोर कडुनिंबाखाली एक बाई मोगऱ्याचे हार गुंफत बसली होती. माणिकबाई तिचं नाव, तिथंच राहायची. तिनं बाबांना ओढून सावलीत घेतलं आणि माठातलं पाणी दिलं. हातात पेला दिला, वरून ओतलं नाही, एवढं बाबांनी आवर्जून सांगितलं.

"कोन्या घरातून आले तुमी?"

बाबांनी बोट दाखवलं, रेडिओचं आणि कुलपाचं सांगितलं.

"त्या घरात कोनीच नाई. सारे पहाटेच लग्नाले गेले. एकटा केशवराव थांबला होता."

"आत बाई आहे एक. खोकून राहिली."

माणिकबाईच्या हातातला दोरा थांबला.

मग तिनं सांगितलं. केशवरावांची बायको, कौशल्या. तिला क्षय झाला. घरात लग्नाच्या नणंदा होत्या. टीबीचं घर म्हणून नाव झालं असतं, तर कोणी दारात उभं राहिलं नसतं. म्हणून तिला त्या खोलीत ठेवलं आणि बाहेरून कडी घातली. दाराला लावून रेडिओ ठेवला. ती खोकली की रेडिओ मोठा करायचे.

"कौशल्या मेल्यावर बाहेरची कडी काढून आतल्या अंगाले बसवली. बाहेरून उघडू नये कोनी म्हून. मंग ती कडी आतून कोन लावते, ते आमाले नका विचारू. तुमच्या पयले दोघं मेकॅनिक आले होते. अर्धं काम टाकून पयाले. म्हून तुमाले कुलूप लावलं त्यानं."

"गल्लीत कोनाले मालूम नव्हतं?" बाबांनी विचारलं.

माणिकबाई खाली पाहत बोलली. "साऱ्याइले मालूम होतं. रेडिओ कितीबी मोठा केला तरी खोकला आयकू ये. पानी मांगे ते बी आयकू ये. आमी आमच्या खिडक्या लावून घेतल्या."

बाबा उठले. हत्यारं आत राहिली होती, तांब्या आत होता. पण ते त्यासाठी उठले नाहीत, असं त्यांनी मला सांगितलं. ते मागच्या दाराशी गेले.

दार आतून बंद होतं.

अडसर त्यांनीच काढला होता. त्यांनी धक्का दिला. खांदा लावला. माणिकबाईही आली, दोघांनी मिळून लावला. दार हाललं नाही.

पलीकडे पावलं आली. थांबली.

"भाऊ... दार उघडा ना."

माणिकबाई तोंडाला पदर लावून पळत घरात गेली. बाबा ऊन उतरेपर्यंत ते दार ढकलत राहिले. संध्याकाळी केशवराव आले ते पुढच्या दारानं. थोड्याच वेळात रेडिओ लागला. मोठा कंडेन्सर बसवलेला नव्हता, तरीही लागला. मोठ्यानं. एवढ्या मोठ्यानं की दारामागचा आवाज बुडाला.

बाबांनी हत्यारं मागितली नाहीत. शेवटच्या गाडीनं ते अमरावतीला आले.

पुढं बाबा खूप जगले. भूत आहे असं ते शेवटपर्यंत म्हणाले नाहीत. "भूत का काय ते मले नाई मालूम," एवढंच ते म्हणाले. "बाई होती. अडकली होती."

पण ज्या दिवशी त्यांनी हे सांगितलं, त्या दिवशी ते बाजेवर उठून बसले आणि अजून एक गोष्ट बोलले.

"तिनं मले दार उघडून देलं, मैना. सारी दारं मोकळी होती. मी तिले 'चल' म्हनलो नाई. एकटाच पयालो. आन् पयताना ते मांगचं दार... मीच वढून घेतलं."

अडसर आतून कसा पडला, ते मला माहीत नाही.

बाबा गेल्यावर मी एकदा अकोल्याला गेले होते. मोर्णेच्या पुलापर्यंत गेले. गल्ली विचारली, एका माणसानं हातानं दाखवलीही. मी तिथंच उभी राहिले बराच वेळ, आणि परत आले.

मला भुताची भीती वाटली असं नाही. आतून हाक आली असती, आणि मीही दार न उघडता परत आले असते, तर मग बाबांनी ओढून घेतलेल्या त्या दाराबद्दल मी काय म्हणणार होते?