नागरी की रोमन

दिवा बारीक करा पोरांनो, पण उठू नका. देवराव आपल्याच आळीतला, तारबाबू. त्याच्यावर जे बेतलं तेच सांगून राहिलो.

१९७३ सालची, डिसेंबरची अकरा तारीख. संध्याकाळी सातच्या सुमारास नागपूरच्या एका तारघरात गोपिकाबाई धापा टाकत आली.

"भाऊ, सावनेरले तार करा. जावई दहा महिन्यांच्या नातवाचं औषध घेऊन मघाच्या गाडीनं गेला. कंपाउंडरनं बाटली चुकीची देल्ली. पोराले पाजू नका, एवढंच कळवा."

मजकूर तिनं कुणाकडून तरी मराठीत लिहून आणला होता. फॉर्मावरचा एकच रकाना रिकामा होता. लिपी : नागरी की रोमन.

"यात काय भरू गा?"

"मी पाहतो. जाय वं तू," देवराव म्हणाला. त्याला जेवायला जायचं होतं.

नागरी तार असली की आधी तशी खूण पाठवावी लागे. नाहीतर पलीकडचा बाबू तारयंत्राचे तेच ठोके इंग्रजी अक्षरं समजून उतरवी. देवरावानं रकाना कोराच ठेवला अन् खूण न देता तार ठोकून दिली. सावनेरला कागद पोचला. त्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. घरच्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, बाजूला ठेवला अन् पोराला औषध पाजलं.

पोरगं पहाटे गेलं. तेराव्याच्या आत गोपिकाबाईनं विहीर जवळ केली. चौकशीत देवराव म्हणाला, "बाईनंच रकाना भरला नाही." सुटला.

पुढच्या वर्षी तीच तारीख. रात्रीचे साडेआठ. देवराव एकटाच ड्यूटीवर. सावनेरची लाइन वाजू लागली.

त्यानं उतरवून घेतलं. इंग्रजी अक्षरं, अर्थ काहीच नाही.

"कोण झोपेत ठोकून राहिला बे?" त्यानं कागद चुरगळून फेकला.

पुन्हा तेच ठोके. त्यानं लक्ष दिलं नाही.

तिसऱ्यांदा...

त्याचा हात थांबला. कागद उचलला. सरळ केला. तेच ठोके नागरीत लावून पाहिले.

जयाला दूध देऊ नका.

खाली नाव. गोपिका.

जया त्याची सहा वर्षांची पोर. त्यानं सायकल काढली. प्रताप नगरातलं घर येईस्तोवर छाती फुटायला आली. दारातच बायको, यमुना.

"जया?"

"आत्ताच दूध पिऊन झोपली. काहून?"

तो आत गेला. हाक मारली. एकदा. दोनदा...

डॉक्टरनं दूध तपासायला पाठवलं. दुधात काहीच निघालं नाही. अन् सावनेरची लाइन त्या दिवशी दुपारपासूनच तुटलेली होती.

जयाचा दुधाचा पेला अजून त्याच्या घरी आहे. पितळेचा. काठावर चार बारीक दातांच्या खुणा रुतल्यात, जेमतेम दात फुटलेल्या लेकराच्या.

जयाचे पुढचे दात तर दिवाळीतच पडले होते.