पाण्याचा रकाना

"मुलीची प्रत्येक रेषा आईकडून येते, नाहीतर बापाकडून. तिसरीकडून येत नाही. एवढं तरी डोक्यात शिरलं का, शहाण्यांनो?" सरांनी विचारलं.

प्रयोगशाळेच्या टेबलावर जेल नावाच्या पारदर्शक, लवचिक पदार्थाच्या पातळ वडीत तीन खाचा होत्या: आई, मुलगी, बाप. पहिल्या दोहोंत विकत आणलेले नमुने. बापाच्या खाचेत सरांनी मुद्दाम नुसतं पाणी भरलं होतं. वीज सोडली की डीएनए खाचेतून खाली सरकतो आणि त्या खाचेच्या रकान्यात रेषा उमटतात; पाण्यात डीएनए नसतो, तिथे उमटणार नाहीत. तरीही ही गाढवं वहीत काहीतरी खरडतील, याची त्यांना खात्री होती.

वीज सुरू केली तेवढ्यात ती दारात आली. तिच्या आईला सरांनी तीस वर्षांपूर्वी, ती गरोदर असताना, मूल आपलं नाही म्हणत घराबाहेर काढलं होतं. या महिन्यातली ही तिची तिसरी खेप.

"गालाच्या आतून एक बोळा फिरवून द्या. आई आता थोड्याच दिवसांची सोबती आहे. जाण्याआधी तिच्यावरचा डाग पुसू दे."

"बापाचं नाव आईला विचार. यादी लांबलचक असेल."

ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

ठरल्या वेळी वीज बंद करून सरांनी रेषा उजळवणारा निळा दिवा लावला. पाण्याच्या रकान्यात सहा रेषा चमकत होत्या. त्यांतल्या तीन मुलीच्या रकान्याशी तंतोतंत जुळत होत्या.

"सर, पाणीच बाप निघालं!" मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग खदखदला.

"लाळ गाळली असेल कुणीतरी. निघा!"

पण सरांनी पुन्हा जेलवर वाकून पाहिलं. उपकरणं तपासायला त्यांनी वर्षानुवर्षं स्वतःचाच नमुना वापरला होता. या सहा रेषा त्यांना पाठ होत्या.

वर्ग रिकामा झाल्यावर त्यांनी नवं जेल ओतलं. नवी नळी, नवं पाणी. तिन्ही खाचांत फक्त पाणी, स्वतःच्या हातानं.

या वेळी एकच रकाना उजळला. मधला, मुलीचा.

सहा रेषा. तीन सरांच्या.

त्यांनी वीज तोडली. तारा उपटल्या.

दारावर टकटक झाली. "देताय ना?"

"नाही."

त्यांनी कडी लावली. बाहेर पावलं लांब गेली.

ते टेबलापाशी परतले. जेलमधल्या रेषा विजेबरोबर सरळ खाली धावतात, आडव्या कधीच जात नाहीत. या तिरक्या झाल्या होत्या. सर उभे होते त्या बाजूला.

सर टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले.

जरा थांबून, एकेक करत, रेषाही वळल्या.