चौदा सुऱ्या, दोन चाव्या

बाईंनी पिशवीतून टॉवेल काढला, टॉवेलातून वर्तमानपत्राचं पुडकं काढलं आणि पुडक्यातून वीतभर पात्याची सुरी काढून टेबलावर ठेवली. भावोजींनी आधी आपला चहाचा कप उचलला आणि मग खुर्ची हळूच मागे सरकवली.

"घाबरू नका," बाई म्हणाल्या. "हिच्याने टोमॅटोसुद्धा कापला जात नाही. तेच तर सांगायला आलेय."

ताईंनी सुरी उजेडात धरली. बावीस वर्षं कोर्टात टंकलेखक म्हणून लोकांच्या साक्षी टाइप करून त्यांना खोटं बोलणाऱ्याचा श्वासही ओळखू यायला लागला होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही दोन खुर्च्यांची तपास कचेरी उघडली. भावोजी म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीचे यजमान. तीस वर्षं बस चालवून घरी बसले आणि घरात इतके मध्ये मध्ये करू लागले की बायकोने त्यांना थोरल्या बहिणीच्या स्वाधीन करून टाकलं. ते स्वतःला भागीदार समजत. ताईंनी तो गैरसमज कधी दूर केला नव्हता.

"कोणाची सुरी?" ताईंनी विचारलं.

"आमच्या ह्यांची. घड्याळं दुरुस्त करायचे. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांमुळे दुकान बंद केलं. आता सगळा जीव सुऱ्यांत. चौदा आहेत. दर रविवारी सगळ्यांना धार लावतात." बाई थांबल्या. "आणि ह्यांचं म्हणणं असं की मी त्या मुद्दाम बोथट करते. छत्तीस वर्षं संसार केलाय आम्ही. महिना झाला, माझ्याशी बोलत नाहीत. कपाटाची चावी गळ्यात घालून फिरतात."

"तुम्ही करता?"

"मी कशाला करू? रविवारी धार लागते, सोमवारी मी चिरायला घेते. पहिला टोमॅटो अगदी सुरेख कापला जातो. तिसरा चिरडतो. लाकडी पाटावरच चिरते हो मी, काचेवर ठेवूसुद्धा देत नाहीत. पण हे म्हणतात, चांगलं पोलाद तीन टोमॅटोंत मरत नाही. कोणीतरी दगडावर आपटल्याशिवाय असं होणारच नाही."

 बाईंनी डोळे सुरीच्याच टॉवेलाला पुसले.

"मी केलं नाही, एवढं त्यांना पटवून द्या. बाकी काही नको मला."

*

बाईंच्या यजमानांना सगळे घड्याळजी म्हणत. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. बाहेरच्या खोलीत एकही घड्याळ चालू नव्हतं. खिडकीशी कामाचं टेबल, त्यावर धार लावायचे तीन दगड, लाकडी फळीवर चिकटवलेला चामड्याचा पट्टा आणि भिंतीला कुलूपबंद कपाट.

बाईंनी चहाचे स्टीलचे पेले आणून ठेवले. भावोजींनी पेला उचलला आणि तसाच खाली आदळून बोटांवर फुंकर घातली. घड्याळजींनी आपला पेला मुठीत घट्ट धरला होता आणि ते शांतपणे बोलत होते. काही लोकांना उगाच मर्दपणा दाखवायची हौस असते, असं भावोजींच्या मनात आलं.

"सुरी निवडताना लोक पातं बघतात," घड्याळजी कपाट उघडत म्हणाले. "चूक. आधी मूठ धरायची. मग पात्याच्या मुळाशी एका बोटावर तोलायची. डुलली पाहिजे, पडता कामा नये. ही बघा."

काळपट डागांची एक सुरी त्यांनी ताईंपुढे धरली.

"गंजली आहे का?" भावोजींनी विचारलं.

घड्याळजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की भावोजींनी पुन्हा पेल्याला हात घातला आणि पुन्हा पोळून घेतलं.

"गंज लाल असतो आणि खातो. हा रंग आहे. वर्षानुवर्षं कांदा, लिंबू कापून चढलेला. वापरली की लगेच धुवायची, पुसायची, थेंबभर तेल. मग हाच रंग तिला जपतो. इथे बनवणाऱ्याचं नाव आहे." पात्याच्या कडेला मुंगीएवढी अक्षरं होती. घड्याळजींनी ती तिथल्या तिथे वाचून दाखवली. ताईंनी मान डोलावली.

"मुठी सुंदर आहेत," त्या म्हणाल्या.

घड्याळजींचा चेहरा आवळला. "मिस्त्रीने केल्यात. आमच्या खालच्या गल्लीतला सुतार. तीस वर्षं दर रविवारी यायचा. कपाटाची दुसरी चावी त्याच्याकडे होती."

"होती?"

"मी काढून घेतली. वर्षभरापूर्वी त्याचं येणं कमी झालं. आज गुडघा दुखतोय, उद्या पाव्हणे आलेत. आणि नेमक्या तेव्हापासून सुऱ्या मरायला लागल्या. चावी दोघांकडेच. मी नाही, म्हणजे तो. सरळ तोंडावर विचारलं. एक शब्द बोलला नाही. चावी टेबलावर ठेवली आणि जाता जाता वर मलाच शिकवतो, 'चामड्यावर जरा जास्त वेळ मार.' मला! ज्याने मनगटी घड्याळाचे स्क्रू नुसत्या बोटांनी चाचपून बसवले, त्याला."

"आता कुठे असतात ते?"

उत्तर दाराशी उभ्या असलेल्या बायकोने दिलं. "तीन महिन्यांपूर्वी गेले. गुडघा नव्हता. पोटात गाठ होती, कोणाला कळू दिलं नाही." मग खालच्या आवाजात म्हणाली, "हे गेले नाहीत शेवटचं बघायला."

घड्याळजी खिडकीबाहेर बघत होते.

"तो गेल्यावरही सुऱ्या बोथट होतच राहिल्या," ते म्हणाले. "मग घरात कोण उरलं, तुम्हीच सांगा."

बायको आत निघून गेली. भावोजींना त्या माणसाचा संताप आला.

"मला धार लावून दाखवाल?" ताईंनी विचारलं.

घड्याळजींनी दगड भिजवला. पातं एका कोनात धरून सरसर फिरवलं, दुसऱ्या बाजूनेही फिरवलं. हात सुरेख चालत होता. मग त्यांनी अंगठा धारेवरून आडवा सरकवला.

"दगडावर घासलं की पोलादाची केसाएवढी कोर उलट्या बाजूला वळते. मी आणि मिस्त्री तिला मिशी म्हणायचो. अंगठ्याला खरखरते. खरखरली की समजायचं, दगडाचं काम झालं. मग चामड्यावर ती काढून टाकायची. राहिली तर सुरी दिसायला धारदार, पण पहिल्याच कामात मिशी मुडपते."

"आता आहे?"

"छे. दोन वर्षं झाली, माझ्या सुऱ्यांना मिशी येतच नाही. इतका हात बसलाय." त्यांनी सुरी दोनदा चामड्यावर ओढली आणि कागद हवेत धरून कापला. कागद आवाजही न करता दुभंगला. "बघा. ही आता कुलपात जाईल."

कापलेल्या कागदावर एक लाल ठिपका उमटला होता. मग दुसरा. बायको कुठूनशी कापूस घेऊन आली आणि त्यांच्या अंगठ्याला लावू लागली.

"अरे, हे कधी झालं?" घड्याळजी म्हणाले.

निघताना ताईंनी दारात बाईंना एकच विचारलं. "मिस्त्री यायचे तेव्हा सुऱ्या कपाटात कोण ठेवायचं?"

"तेच. हे धार लावायचे आणि हात धुवायला जायचे. मिस्त्री म्हणायचे, तू चहाचं बघ, मी लावून ठेवतो सगळ्या."

*

"माझं मत ऐकणार असाल तर बायकोच," खाली उतरल्यावर भावोजी म्हणाले. "असल्या नवऱ्याची सुरी मीही बोथट केली असती."

"तुमचं मत मी नेहमी ऐकते, भावोजी. त्याच्या उलट जायला सोपं पडतं."

मिस्त्रींच्या कारखान्यात अजून लाकडाच्या भुशाचा वास होता. पटाशा भिंतीवर ओळीने टांगलेल्या होत्या. मिस्त्रींच्या पत्नीने दोन स्टुलं पुसून दिली. घड्याळजींचं नाव काढताच तिने पदर सारखा केला.

"त्यांच्याबद्दल वाईट बोलायचं नाही, असं सांगून गेलेत मला," ती म्हणाली. "मी तेव्हाच म्हणत होते, चोर ठरवलंय तुम्हाला, जाऊन खरं काय ते सांगून टाका. तर म्हणाले, खरं सांगितलं तर त्याच्याकडे राहील काय?"

"खरं म्हणजे काय?"

"ते मलाही नाही सांगितलं."

ताई पटाशांकडे बघत होत्या. "वहिनी, तुम्ही ह्या घासताना बघितल्या असतील. मिशी न येता धार लागते?"

मिस्त्रींची पत्नी एवढ्या दुःखातही हसली. "मग दगडावर नुसता हात फिरवला म्हणायचं. मिशी आल्याशिवाय धार कुठली?"

"मिस्त्री रविवारी जाताना काय न्यायचे बरोबर?"

"काही नाही. रिकाम्या हातांनी जायचे." मग तिला आठवलं. "त्या सदऱ्याच्या खिशात हे सापडलं होतं. एवढा मोठा कारागीर आणि खिशात चुलीत घालायचा तुकडा. टाकवला नाही मला."

काडेपेटीएवढा मऊ लाकडाचा ठोकळा होता. त्याच्या एका कडेवर शेकडो बारीक चिरा होत्या. ताईंनी तो उन्हात तिरका धरला. चिरांमध्ये काहीतरी चमचमत होतं.

"भावोजी, रविवारी जायचंय आपल्याला," त्या म्हणाल्या.  बसस्टॉपवर भावोजींनी पाहिलं तर ताईंचे डोळे भरलेले होते. इतक्या वर्षांच्या नात्यात त्यांनी हे पहिल्यांदा पाहिलं, म्हणून काही विचारायचं धाडस केलं नाही.

*

रविवारी सकाळी ताईंनी आधी बाईंना स्वयंपाकघरात गाठलं.

"तुमचं नाव साफ होईल. पण त्यांच्याकडचं काहीतरी जाईल. चालेल?"

बाईंनी गॅस बंद केला. "जे जायचंय ते गेलेलं असतंच. आपण नुसतं झाकून ठेवतो. सांगा."

घड्याळजींनी नेहमीप्रमाणे धार लावली, चामड्यावर दोनदा ओढली, कागद कापला.

"आता कुलूप नको," ताई म्हणाल्या. "ही सुरी आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहू दे. दादा, तुमचं घड्याळाचं भिंग लावा आणि धार बघा."

"भिंग कशाला? माझं बोट सांगतं."

"एकदा माझ्यासाठी."

त्यांनी भिंग डोळ्याला अडकवलं. पातं वळवलं. मग पुन्हा पहिल्या बाजूला वळवलं.

"मिशी आहे," ते शेवटी म्हणाले. "टोकापासून मुळापर्यंत."

ताईंनी त्यांच्या हातून सुरी घेतली आणि लाकडी पाटावर तीन टोमॅटो कापले. तिसरा चिरडला.

"आता बघा."

त्यांनी पाहिलं. "मुडपली."

"तुमच्या सुऱ्या कोणीही बोथट केल्या नाहीत, दादा. त्यांची धार कधी पुरीच होत नव्हती. मिशी कागद कापते, पहिला टोमॅटोही कापते, मग मुडपते. चांगल्या हातालाही मिशी येतेच. तुम्हाला दोन वर्षं ती लागली नाही, कारण बोटांना कळत नाही. पेला पोळत नाही, कापलेलं समजत नाही. आणि दुकान डोळ्यांमुळे बंद नाही झालं. मुंगीएवढी अक्षरं तुम्ही उघड्या डोळ्यांनी वाचलीत. स्क्रू हातातून पडायला लागले होते ना?"

 भावोजींना वाटलं, आता हा माणूस ओरडेल. पण घड्याळजी आपली दहाही बोटं टेबलावर पसरून त्यांच्याकडे बघत बसले.

"पण पहिलं वर्षभर सुऱ्या चांगल्या होत्या," ते हळूच म्हणाले. "बोटं तर तेव्हाही..."

"तेव्हा मिस्त्री येत होते."

ताईंनी ठोकळा टेबलावर ठेवला.

"मिशी काढायची कारागिरांची एक सोपी रीत आहे. धार मऊ लाकडातून एकदा ओढायची. तुम्ही हात धुवायला जायचात. ते सुऱ्या कपाटात लावून ठेवायचे. ह्या चिरांमधली चमक तुमच्या पोलादाची आहे. वर्षभर, दर रविवारी, चौदा सुऱ्या. मग ते आजारी पडले, येईनासे झाले आणि सुऱ्या मरायला लागल्या. तुमचा हिशोब बरोबर होता, दादा. सगळं त्यांच्यावरच अवलंबून होतं. फक्त उलट्या बाजूने."

"मग सांगायचं ना त्याने." घड्याळजींचा आवाज पोरासारखा झाला होता. "मी त्याला चोर म्हणालो. चावी मागितली. बोलायचं ना."

"बोलले असते तर तुमची बोटं गेली असती. त्यांनी चावी दिली."

घड्याळजींनी ठोकळा उचलला. बोटांना चिरा कळेनात, म्हणून त्यांनी तो गालावर फिरवून पाहिला. आणि मग ते रडले. भावोजींनी आयुष्यात अपघात पाहिले होते, पण म्हाताऱ्या माणसाला असं रडताना पाहणं त्यांना झेपलं नाही. ते उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"जाताना म्हणाला होता," मागून आवाज आला. "चामड्यावर जरा जास्त वेळ मार. मला वाटलं, टोमणा मारतोय."

बायको पुढे आली. महिनाभर जिच्याशी ते बोलले नव्हते, ती त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसली आणि तिने उजवा अंगठा पुढे केला.

"कशी लागते ती, दाखवा मला."

त्यांनी तिचा अंगठा धरला आणि धारेवरून आडवा सरकवला. "लांबीत न्यायचा नाही. आडवा. काही लागतंय?"

"खरखरतंय."

ते चामड्यावर सुरी ओढू लागले. दोनदा, दहादा, वीसदा. ती मध्येच अंगठा लावून बघायची आणि मान हलवायची.

"अजून आहे?"

"आहे थोडी. जरा जास्त वेळ मारा."

त्यांचा हात थांबला. त्यांनी गळ्यातली चावी काढून तिच्यापुढे ठेवली, आणि पुन्हा सुरी ओढायला लागले.