मथुरेचं झाकण

त्या दिवशी माझं काम एवढंच होतं. माळ्यावरची रुंद फळी खाली काढायची, पुसायची आणि तिच्यावर कच्चे गणपती वाळत ठेवायचे.

हमरापुरात राहत्या घरातच आमचा मूर्तींचा कारखाना आहे. मी पेणचं कॉलेज अर्ध्यात सोडलं, तेव्हापासून असली कामं माझ्याच गळ्यात. "पुस्तकं उचलवली नाय, आता फळ्या उचल," हे केरूआज्याचं रोजचं वाक्य. केरूआजा म्हणजे माझ्या वडिलांचा बाप. त्या दिवशी तो शेजारच्या गावी कुणाच्या तरी बाराव्याला गेला होता. मेल्या माणसाचं जेवण तो कधी चुकवायचा नाही.

माळ्यावरच्या त्या फळीला हात लावायचा नाही, असा त्याचा हुकूम होता. कारण विचारलं की म्हणायचा, "मथुरेची हाय ती." झालं. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना वाटतं, कारण सांगितलं की मान कमी होतो. पण चतुर्थी तोंडावर होती, हवेत ओल होती आणि मूर्ती ठेवायला जागा उरली नव्हती. वडील म्हणाले, "काढ रे पुंड्या. म्हातारा येईपर्यंत जरा सुकतील."

मथुरा ही लाकडी आगबोट. आधी रोह्याच्या कुंडलिकेत भाताची पोती वाहायची, जुनी झाल्यावर पेणच्या खाडीत आली. आमचे गणपती बैलगाडीने बंदरावर जायचे आणि तिथून मथुरेने मुंबईला. आजा तिच्यावर खलाशी होता. स्वातंत्र्यानंतर आठ-नऊ वर्षांनी, एका श्रावणात, ती गाळावर चढून कलंडली आणि भरतीत बुडाली. गावातले म्हातारे ही गोष्ट हात जोडून सांगतात. माणसाच्या केसालाही धक्का लागला नाही म्हणे, गणपतींनीच आपलं विसर्जन करून घेतलं.

त्याच खेपेला माझी आजी कृष्णाबाई गेली. ती मूर्तींचे डोळे रेखायची. आखणी मुंबईला पोचल्यावर व्हायची, म्हणून दरवर्षी मूर्तींबरोबर जायची. त्या वर्षी मात्र ती बोटीत चढलीच नाही, बंदरावरूनच एका मुंबईवाल्याचा हात धरून दुसऱ्या होडीने गेली. असं आज्याने गावाला सांगितलं आणि गावाने माना डोलावल्या. माझे वडील, गुणाजी, तेव्हा चार वर्षांचे. 'पळालेलीचा' हे नाव त्यांनी शाळेत ऐकलं, लग्नात ऐकलं. पितृपक्षात तोवर त्यांनी आईच्या नावाने कधी पाणी सोडलं नव्हतं.

फळी खाली घेतली. जाड सागवान, चौकोनी. एका अंगाला लोखंडी कडी, दुसऱ्या अंगाला बारीक ओरखडे. फळी कुठली, ते मथुरेच्या पोटावरचं, माल ठेवायच्या खणाचं झाकण होतं. कडीची बाजू खाली करून मी ते दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकलं आणि शाडूच्या पाच कच्च्या मूर्ती ओरखड्यांवर मांडल्या.

भुतं रात्री येतात असं ज्यांनी आपल्याला सांगितलं, त्यांनी तेही खोटंच सांगितलं. भरदुपार होती. आभाळ काळं झालं, कारखान्यात अंधारून आलं. पलीकडे खाडीला भरती लागली होती. आधी वास आला. गाळाचा, आणि त्याखाली ओल्या कोळशाच्या धुराचा. मग फळीला घाम फुटला. वरून थेंब नाही, कौलं कोरडी, आणि लाकडातून पाणी झिरपत होतं. खालून काहीतरी ठोकतंय असं वाटलं. हळू. दमून दमून ठोकल्यासारखं.

मी वाकून खाली पाहिलं. खाली कुणी नव्हतं.

मान वर केली तर मूर्तींना डोळे होते.

पाचही मूर्तींना. मघाशी तिथे गुळगुळीत माती होती. आता ओल्या मातीत नखाने रेखलेले डोळे होते, खालची पापणी लांब ओढून कानाकडे नेलेली.

"बाबा…" मला एवढंच म्हणता आलं.

वडील आले. पाठोपाठ गिरजाबाई आली. ती आमच्याकडची जुनी आखणीवाली, कोवळ्या वयात आजीच्या हाताखाली शिकलेली. तिने डोळे पाहिले आणि हातातला कुंचला खाली ठेवला.

"गुणाजी… हा किस्नाबायचा हात हाय."

"गप गो काकी."

"मी शिकले तिच्याकडं. पापणी अशी कोण ओढत नाय. मला पण नाय जमत…"

तेवढ्यात दारात आजा उभा राहिला. बाराव्याचं जेवून आलेला, कपाळाला बुक्का. त्याने झाकण पाहिलं. मला वाटलं, आता शिव्या घालेल. पण तो गुडघ्यांवर बसला आणि झाकणाखाली शिरला. सत्तरीचा म्हातारा, लहान पोरासारखा रांगत. चाचपडत त्याने कडी धरली आणि जोर करून सरकवून लावली.

"बंद करा रे… झड आत जातीया… कच्ची माती हाय, विरघळंल…"

"आजा, आपण घरात आहोत," मी म्हणालो.

त्याला ऐकू गेलं नाही. वडील मात्र खाली वाकले.

"आत कोण हाय?"

"गणपती… गणपती हायत."

"आणि कोण?"

वर, ओरखड्यांच्या बाजूला, ठोकणं सुरूच होतं. आजा दोन्ही हातांनी कडी दाबून बसला होता.

"ती धरून बसलीय ना… मूर्ती फुटाय नको म्हणून… जराशानं उघडतो गो… पाऊस थांबू दे…"

मला माझ्या तोंडात गाळाची चव आली. बोट कलंडल्यावर हे मर्द उड्या मारून काठाला आले होते, आणि कडी तशीच राहिली होती. ओहोटीला मथुरा उघडी पडली, तेव्हा याने हे झाकण उचकटून घरी आणलं. बाहेरून लावलेली कडी कुणाला दिसू नये म्हणून. तिला पुढच्या भरतीने नेलं असेल. आणि वर तिलाच बदनाम केलं! चाळीस वर्षं त्याच माळ्याखाली जेवला, झोपला, दुसऱ्यांच्या बाया कशा वागतात ते सांगत राहिला.

वडिलांनी त्याला दंडाला धरून ओढलं, बाजूला टाकलं आणि स्वतः झाकणाखाली शिरले. "आये…" एवढं म्हणून त्यांनी कडी काढली.

ठोकणं थांबलं. झाकणाखालून धो धो पाणी सांडलं, खारं, राखाडी. मग लाकूड कोरडं पडलं, जसं कधी भिजलंच नव्हतं.

त्या वर्षी पितृपक्षात वडिलांनी आईच्या नावाने पाणी सोडलं, भर गावासमोर. आज्याला त्यांनी पानावर बसू दिलं नाही. तो तेव्हापासून बोलत नाही. मला त्याची कीव येत नाही.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी मी मूर्ती उचलायला गेलो. त्या सपाट लाकडावर ठेवलेल्या होत्या, तळ सपाट असायला हवे होते. पाचही तळांवर कापडाची वीण उमटली होती. लुगड्याच्या चुण्या. दोन्ही बाजूंना बायकी पंजे, घट्ट धरलेले. मूर्ती कुणाच्या तरी मांडीवर बसून आल्या होत्या.

पाचव्या मूर्तीच्या तळाला, चुण्यांच्या मधोमध, अजून एक पंजा होता. हरभऱ्याएवढा. खालून वर टेकलेला.

गिरजाबाईने तो पाहिला आणि पदर तोंडात कोंबला.

"दिवस गेलते तिला… मला एकटीलाच सांगितलं व्हतं… केरूदादाला पण नाय…"

कोपऱ्यात आज्याने मान वर केली. मग तोंड भिंतीकडे केलं.

ती मूर्ती वडिलांनी विकली नाही, विसर्जनही करू दिलं नाही. फडताळात आहे. माती कधीच वाळली. वाळली की शाडू आक्रसतो, त्यावरच्या खुणा लहान होतात, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल.

परवा त्या पंजात माझी करंगळी मावत नव्हती. आज भरतीनंतर मी पुन्हा मूर्ती उलटी केली. माझा अंगठा आत गेला, आणि बाहेर काढताना जरासा अडला… कुणी धरल्यासारखा.