पाण्याची खोली

"ही कॅसेट खराब आहे," असं म्हणत त्याने ती पिवळी कॅसेट काउंटरवर ठेवली.

मी बिलं लावत होते. मान वर न करताच विचारलं, "काय होतं?"

"पाण्याच्या खोलीपुढे जातच नाही."

"मग कॅसेट चांगली आहे. खेळणारा खराब आहे."

तो हसला, आणि मग मी मान वर केली. आधी वर केली असती तर एवढं तिखट बोलणं मला जमलंच नसतं! सावळा, ओल्या केसांचा, बोटांच्या पेरांत मशीनच्या तेलाचा काळेपणा... आणि छत्री दाराबाहेर ठेवून आलेला. आमच्या दुकानाच्या लादीवर सगळं ठाणं ओल्या छत्र्या निथळवून जायचं. बाहेर ठेवणारा हा पहिलाच.

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. जांभळी नाक्याच्या मागे सुमेधाताईंची व्हिडिओ लायब्ररी होती. सिनेमाच्या कॅसेट आणि टीव्हीला जोडायचे गेम भाड्याने मिळायचे. मी तिथे काउंटर सांभाळायची. परत आलेला प्रत्येक गेम लावून बघणं हेही माझंच काम, त्यामुळे माझा हात भलताच बसला होता. चेंदणी कोळीवाड्यातली शेवंतीबाईची मंजुळा दुपारभर टीव्हीपुढे बसते, हे आईला कळलं असतं तर तिने कोयता घेऊनच दुकान गाठलं असतं.

त्या पिवळ्या कॅसेटवरचा कागद कधीच सुटून गेला होता. नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून सगळे तिला 'भुयार' म्हणायचे. हातात कंदील घेतलेला एक टिकलीएवढा माणूस जमिनीखालच्या देवळात उतरतो. खोल्याच खोल्या, किल्ल्या, खिळे, सरकत्या भिंती. कुठे जायचं हे कुणी सांगत नाही. जरा चुकला की मेला, आणि मेला की पुन्हा पहिल्या पायरीपासून. लोक तो गेम एकदा न्यायचे आणि शिव्या देत परत आणायचे. हा मात्र म्हणाला, "पुढच्या शुक्रवारी परत नेतो."

"घरी टीव्ही फुटेल तुमचा."

"मग... इथेच खेळू का?"

त्याचं नाव पंढरी. घर डोंबिवलीला, कोपर गावात. वागळे इस्टेटमध्ये लेथवर काम करायचा. शुक्रवारी इस्टेटला सुट्टी, आणि शुक्रवारी दुपारी आमच्या दुकानात चिटपाखरू नसायचं. सुमेधाताई आत झोपायच्या. त्यांना एवढंच सांगितलं, की कॅसेट तपासायला एक जाणकार माणूस येतो. त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तपास हो, नीट तपास." कॅसेटबद्दलच म्हणाल्या असाव्यात.

दोन स्टुलं, एक रिमोट. एकाने खेळायचं, दुसऱ्याने ओरडायचं. "अहो, उडी मारा!" वरून मी "अरे, उडी मार ना!" वर कधी आले ते मलाच कळलं नाही. त्याला कळलं होतं. त्या दिवशी तो उगाचच चार वेळा चुकला.

पाण्याच्या खोलीत मात्र आमचं खरं भांडण जुंपायचं. त्या खोलीत पाणी आपोआप चढायचं, आपोआप उतरायचं. खाली दार, दारापलीकडे खिळ्यांची लांब वाट, आणि किल्ली अगदी छताजवळ. भिंतीला एक दांडा होता. तो ओढला की खालचं दार बंद होऊन पाणी आत अडायचं, मागे ढकलला की दार उघडायचं.

मी कोळ्याची पोर. ओहोटी लागली की होडी सोडायची, हे पाळण्यातच ऐकलेलं. मी पाण्याबरोबर सरळ दारातून बाहेर! पाणी मला खिळ्यांवरून अलगद न्यायचं खरं, पण हातात किल्ली नसायची. पुढे कुलूप, आणि मागे ओसरलेलं पाणी.

पंढरी आगरी. त्याच्या आजोबांचा जन्म भांडुपच्या मिठागरात गेलेला. तो भरती पूर्ण चढू द्यायचा, दांडा ओढून दार बंद करायचा, भरल्या पाण्यातून वर जाऊन ऐटीत किल्ली घ्यायचा... आणि बसून राहायचा.

"अरे, आता दार उघड!"

"आत घेतलेलं पाणी सोडायचं नसतं. आजोबा म्हणतात, बांधाला हात लावला की मीठ गेलं."

"तिथे मीठ पिकायला ठेवलंय का? तो बुडतोय बघ!"

बुडायचा. दर वेळी. आणि पंढरी माझ्याकडे बघून म्हणायचा, "तू तरी कुठे किल्ली घेतेस? तुला नुसती जायची घाई."

गणपती झाले, आणि एका शुक्रवारी सुमेधाताईंनी सांगितलं, "केबलमुळे कुणी फिरकत नाही गं. महिनाअखेरीला दुकान बंद करते." त्याच आठवड्यात आईने दुसरी बातमी दिली. उत्तनचं स्थळ होतं, घरची मोठी होडी, आणि पुढच्या रविवारी माणसं मला बघायला येणार होती.

मी हे पंढरीला सांगितलं. सहज सांगितल्यासारखं, रिमोटची वायर गुंडाळता गुंडाळता.

त्याने टीव्हीकडे पाहिलं. टीव्ही बंद होता.

"चांगलं आहे," तो म्हणाला. मग दाराबाहेरची छत्री उचलता उचलता थांबला. "मंजुळा... मला एक सांगायचंय. पण गेम पुरा झाला की सांगीन."

"आणि नाही झाला तर?"

तो छत्री उघडून चालू लागला. मला इतका राग आला, इतका राग आला, की त्या आठवड्यात मी कुणाशी धड बोलले नाही. जो गेम अख्ख्या ठाण्यात कुणी पुरा केला नव्हता, त्याच्या शेवटाला या शहाण्याने आपलं बोलणं नेऊन बांधलं होतं. आणि हातात एकच शुक्रवार उरला होता.

त्या शुक्रवारी तो लवकर आला. बाहेर भुरभुर चालू होती. अर्ध्या लायब्ररीची खोकी बांधून झालेली, टीव्ही तेवढा मांडलेला. आम्ही लगेच खेळायला बसलो. सरकत्या भिंती गेल्या, वटवाघळं गेली, आणि पाण्याची खोली आली तेव्हा रिमोट त्याच्या हातात होता.

पाणी चढलं. त्याने दांडा ओढला. दार बंद. किल्ली घेतली. आणि सवयीने थांबला.

मी आज ओरडले नाही. त्याच्या हातावर हात ठेवला. पहिल्यांदाच. त्याचा हात गरम होता.

"तुझंही बरोबर आहे," मी म्हटलं. "भरल्यावर धरायचं. पण कायमचं नाही रे... आता सोड."

त्याने दांडा मागे ढकलला. दार उघडलं, पाणी सुटलं, आणि आमचा टिकलीएवढा माणूस किल्ली घेऊन, कंदील सांभाळत, खिळ्यांवरून तरंगत तरंगत पलीकडे गेला. कुलूप उघडलं! मी स्टुलावरून उठून नाचलेच. पुढे कधीच न पाहिलेला एक निळा जिना होता, वर उजेड दिसत होता...

आणि लाइट गेली.

पंखा फिरत फिरत थांबला. काळ्या काचेत आम्ही दोघं दिसत होतो. आता पुन्हा पहिल्या पायरीपासून, आणि पुन्हा खेळायला ना दुकान, ना शुक्रवार.

"संपलं," पंढरी म्हणाला. त्याने रिमोट खाली ठेवला, अगदी जपून. "आता काय..."

"आता काय म्हणजे?" माझा आवाज चढला. "लाइट गेली म्हणून तुझं तोंडही गेलं? इतके दिवस आत भरून ठेवलंयस, त्याचं मीठ होईपर्यंत मी थांबायचं? रविवारी उत्तनची माणसं येतायत, पंढरी!"

तो उठला. पुन्हा बसला.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "त्या पहिल्या दिवशी म्हणालीस ना, खेळणारा खराब आहे म्हणून... तेव्हापासून. गेमचं काय घेऊन बसलीस, माझ्याकडे टीव्हीच नाहीये. ती कॅसेट माझ्या मित्राने नेलेली, मी नुसती परत द्यायला आलेलो."

मला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही. "मलाही तूच आवडतोस," मी म्हटलं. "आता हे माझ्या आईला सांग. उद्या सकाळी, मासळीबाजारात."

आतून सुमेधाताईंचा आवाज आला, "झाली का गं कॅसेट तपासून?"

शनिवारी सकाळी मी आईशेजारी पाटीजवळ बसले होते. पंढरी आला तो इस्त्रीचा शर्ट घालून, सरळ आईपुढे उभा राहिला आणि एका दमात म्हणाला, "काकी, मी पंढरी. मला तुमच्या मंजुळाशी लग्न करायचंय."

मी कपाळावर हात मारला. सोड म्हटलं होतं, पण भवानीच्या आधी सोड असं कुठे म्हटलं होतं? पहिलं गिऱ्हाईक होईपर्यंत कोळणीपुढे दुसरा विषय काढत नाहीत. शेजारच्या दगडाबाईचा कोयता वरच्या वर थांबला.

"अजून भवानी नाय माजी," आई म्हणाली, "आनि तू पोर मागतंस?"

पंढरीचा चेहरा पडला. मला वाटलं, आता हा गप्प होणार, दार बंद करून बसणार... पण तो खाली वाकला. "मग भवानी मीच करतो, काकी. बोंबील द्या."

आईने बोंबील मोजले. त्याने पिशवी आणली नव्हती. इस्त्रीच्या शर्टाच्या खिशातला रुमाल काढून पसरला.

"कनच्या गावचा रं?"

"कोपरचा. आगरी. आजोबा भांडुपच्या मिठागरात होते."

आईचा हात थांबला. "भांडुपच्या मिठात माज्या आयेनं जलमभर म्हावरं खारवलं," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहिलं. मी पाटीतल्या बोंबलांकडे बघत होते, पण कान लाल झाले असणार, कारण दगडाबाई फिस्सकन हसली.

आईने रुमालाची गाठ मारली आणि ती त्याच्या हातात दिली.

"उत्तनची होडी मोठी हाय, खरं हाय," ती म्हणाली. "पन मीठ नसंल तं होडीभर म्हावरं सांजंला कुजतंय. उद्याला आजोबाला घेऊन ये. उत्तनवाल्यांना मी सांगतंय."